स्टीफनचे पंचक आणि वीस सेंटिमीटरचा आरसा

महाश्व तारकासमूहाच्या उत्तर टोकाला एकमेकींना खेटून असलेल्या पाच दीर्घिकांचा एक लहानसा पुंजका आहे. मार्सेय वेधशाळेचे संचालक एदुआर स्टीफन यांना १८७६-७७च्या वेधांमध्ये तो सापडला, म्हणून त्याला ‘स्टीफनचे पंचक’ म्हणतात. स्टीफन यांच्या हाताशी लेआँ फूको यांनी घडवलेली दुर्बीण होती. तिचा चांदीचा मुलामा दिलेला काचेचा आरसा ८० सेंटिमीटर व्यासाचा होता. त्यांना दिसले ते धुरकट ठिपके. आज हेच पंचक २० सेंटिमीटरच्या आरशाने, गावाबाहेरच्या एखाद्या माळावरून, त्याहून कितीतरी अधिक तपशिलासह टिपता येते. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला येतो. या प्रकरणाचा सगळा विषय त्या साठवणीचा आणि तिच्या आड येणाऱ्या गोष्टींचा आहे.

पंचकातल्या चार दीर्घिका सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. पाचवी, एनजीसी ७३२०, जेमतेम चार कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दृष्टिरेषेत आल्यामुळे ती या कुटुंबात सामील झाल्यासारखी दिसते. ड्रायर यांच्या १८८८च्या एनजीसी यादीत ७३१७ ते ७३२० असे चारच क्रमांक आहेत, कारण ७३१८ या एका क्रमांकात एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिका आहेत. त्यांना आता ७३१८ ए आणि ७३१८ बी म्हणतात.

या दीर्घिका साधारण १३ ते १५ प्रतीच्या आहेत; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. निरभ्र, काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभर पटींचा फरक, या हिशेबाने १४ प्रतीची वस्तू डोळ्यांच्या मर्यादेच्याही सुमारे १,६०० पटींनी मंद ठरते. शिवाय ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, तर दीर्घिकेचा पसरलेला. संपूर्ण पंचकाचा विस्तार चार कलांच्या आसपास, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा आहे.

पंचकाची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, ३४ अंश उत्तर आहे. पुण्याहून पाहिले तर ते माथ्यापासून अवघ्या साडेपंधरा अंशांवरून, उत्तरेच्या बाजूने जाते. वस्तू जितकी माथ्याजवळ तितका वातावरणाचा थर पातळ, प्रतिमा स्थिर आणि क्षितिजावरच्या दिव्यांचा उजेडही कमी. ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात ते रात्री साडेनऊच्या सुमारास याम्योत्तर वृत्त ओलांडते, नोव्हेंबरच्या मध्यावर साडेसातला. पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवेतली धूळ धुऊन निघालेली असते. आकाश स्वच्छ आणि वस्तू माथ्यावर, असा योग महाराष्ट्रात थोड्याच दीर्घिकांच्या वाट्याला येतो.

या योगाला एक विघ्न मात्र ठरलेले आहे. मंद दीर्घिकेसाठी अमावास्येच्या आसपासच्याच रात्री हव्यात आणि मोसमातली सर्वांत सोयीची अमावास्या आश्विनातली, म्हणजे लक्ष्मीपूजनाची. त्या रात्री रोषणाई आणि फटाक्यांचा धूर गावागावांत पोचलेला असतो. आधीच्या सर्वपित्री अमावास्येला ढगांचा भरवसा नसतो. राहिली कार्तिकातली. तेव्हा पंचक संध्याकाळीच माथ्यावर आलेले असते आणि अकराच्या सुमारास ३० अंशांपर्यंत उतरते. रोज तीन-चार तास मिळतात. बहुतेकांचे काम या अमावास्येच्या पाच-सहा रात्रींवर भागते.

दुर्बीण निवडताना मोठेपणाची हौस थोडी आवरलेली बरी. २०० मिलिमीटर व्यासाची आणि १,००० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन परावर्ती दुर्बीण या कामाला पुरते. तिच्यामागे ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर लावला, तर एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे ०.७८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) एवढा तुकडा पडतो. पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार २०६ने गुणायचा आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचा, की हा आकडा निघतो. आपल्याकडच्या बऱ्याशा रात्रीही वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका दोन ते चार विकलांचा होतो, त्यामुळे याहून बारीक पिक्सेल मिळवून फारसे काही साधत नाही. या जोडणीत पंचक सुमारे ३०० पिक्सेल रुंद उमटते, आणि सव्वा अंशाहून थोड्या रुंद अशा चौकटीत ईशान्येला अर्ध्या अंशावरची एनजीसी ७३३१ ही मोठी दीर्घिकाही मावते. डीएसएलआर कॅमेराही चालतो. न्यूटोनियनच्या कडांना तारे शेपटीदार दिसतात. त्यासाठी कोमा करेक्टर नावाचे भिंग लागते. आरसे एका अक्षावर आणण्याचे काम, म्हणजे कॉलिमेशन, प्रवासानंतर दर वेळी करावे लागते, कारण गाडीच्या धक्क्यांनी ते हमखास बिघडते.

दुर्बिणीपेक्षा जास्त पैसे माउंटवर, म्हणजे ती पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर, घालावेत, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला अगदी रास्त आहे. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. पंचकाचा प्रकाश दोन मिनिटे एकाच पिक्सेलवर पडत ठेवायचा, तर १,८०० विकलांचे हे सरकणे एखाद्या विकलेच्या अचूकतेने भरून काढावे लागते. त्यासाठी माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. उत्तरेकडे ध्रुवतारा मदतीला असतो, पण तोही खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी अंतरावर आहे. तो कोणत्या बाजूला आहे हे पाहून दुरुस्ती करावी लागते. महाराष्ट्रात आणखी एक पंचाईत आहे. ध्रुवाची उंची त्या जागेच्या अक्षांशाएवढी असते. मुंबईत ती १९ अंश, नागपुरात २१ अंश, तर गोव्यात साडेपंधरा. इतक्या खाली असलेला ध्रुवतारा झाड, डोंगर किंवा शेजारच्या इमारतीआड सहज जातो. म्हणून जागा निवडताना उत्तरेचे क्षितिज मोकळे आहे ना, हे आधी पाहतात. ते नसेल तर विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याचे उत्तर-दक्षिण सरकणे मोजून अक्ष जुळवतात.

अक्ष जुळला तरी माउंटमधले दाते फिरताना स्वतःची चूक घालतातच. स्वस्त माउंटमध्ये ही चूक काही मिनिटांच्या आवर्तनात दहा-वीस विकलांची असते, म्हणजे दीर्घिकेचा ठिपका लांबट व्हायला भरपूर. यावर उतारा ऑटोगायडिंगचा. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवतात. संगणकावरचा पीएचडी२सारखा मोफत प्रोग्रॅम जवळच्या एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवतो, दर दोन-तीन सेकंदांनी तो किती हलला हे पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजतो आणि माउंटला सूक्ष्म धक्के देतो. पडद्यावरचा आलेख एका विकलेच्या आत खेळू लागला, की माणसाने दुर्बिणीपासून लांब राहावे. जवळ चालण्यानेही आलेखात खिळ्यासारखे टोक उठते.

पंचक शोधायची जुनी वाट ताऱ्यांवरून जाते. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडच्या ताऱ्यापासून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, पाच अंशांवर मातर हा महाश्वातला तारा आहे. तिथून चार अंश उत्तरेला एनजीसी ७३३१, आणि तिच्या नैर्ऋत्येला पंचक. आता प्लेट सॉल्व्हिंग हे काम करते. काही सेकंदांचा फोटो घेतला, की प्रोग्रॅम त्यातल्या ताऱ्यांची रचना यादीशी ताडून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते सांगतो. फोकस मात्र आजही नीट पाहून करावा लागतो. पावेल बाहतिनोव या रशियन हौशी निरीक्षकाने शोधलेला खाचांचा मुखवटा दुर्बिणीच्या तोंडाशी लावला, की तेजस्वी ताऱ्यातून तीन रेघा फुटतात. मधली रेघ बरोबर मधे आली की फोकस झाला. रात्र थंड होते तशी नळी आकसते, म्हणून तासा-दीड तासाने तो पुन्हा तपासतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर दव हा आणखी एक शत्रू आहे. भिंगावर बाष्प धरले की प्रतिमा हळूहळू दुधाळ होते आणि तासाभराचे काम वाया गेल्यावर ते कळते. भिंगांभोवती बारा व्होल्टवर चालणाऱ्या उष्णतेच्या पट्ट्या गुंडाळणे, हा त्यावरचा इलाज.

इथवरचे सगळे काम पैसे आणि सराव यांनी साधते. खरी मेख पुढे आहे, आणि ती आकड्यांतच नीट समजते.

१४ प्रतीच्या दीर्घिकेकडून २०० मिलिमीटरच्या आरशावर हिरव्या-पिवळ्या प्रकाशपट्ट्यात सेकंदाला सुमारे ६०० फोटॉन पडतात. ऐकायला हे बरे वाटते. पण दीर्घिकेची प्रतिमा साधारण एक कला लांब आणि एक कला रुंद धरली, तर ते सेन्सरवर सुमारे ६,००० पिक्सेलमध्ये वाटले जातात. म्हणजे एका पिक्सेलला दहा सेकंदांत एक फोटॉन. त्याच पिक्सेलवर खुद्द आकाशाचाही प्रकाश पडत असतो. अत्यंत काळोख्या जागीही आकाश पूर्ण काळे नसते. वरच्या वातावरणाची स्वतःची मंद चकाकी असते, शिवाय दृष्टीस न पडणाऱ्या अगणित ताऱ्यांचा मिळून उजेड. अशा जागी आकाशाचे तेज दर चौरस विकलेला २१.५ प्रत धरले, तर दहा सेकंदांत एका पिक्सेलवर दीर्घिकेचा एक आणि आकाशाचे साधारण चार फोटॉन येतात. शहरात हेच तेज १८ प्रतीपर्यंत चढते. साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे पंचवीस पट. तिथे त्याच दहा सेकंदांत दीर्घिकेचा एक फोटॉन आणि आकाशाचे नव्वदहून अधिक.

आकाशाचा प्रकाश सगळीकडे सारखा असता, तर तो वजा करून टाकता आला असता. पण फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत. शंभर यायचे तिथे कधी नव्वद येतात, कधी एकशे दहा; हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. सरासरी वजा होते, चढउतार उरतो आणि तोच चित्रात खरखरीत दाणेदार नॉइज म्हणून दिसतो. काळोख्या जागी एका तासात दीर्घिकेचे ३६० फोटॉन आणि आकाशाचे सुमारे १,३०० जमले, तर एकूण चढउतार ४१च्या आसपास. दीर्घिका त्याच्या जवळजवळ नऊपट उंच उठते. शहरात तेवढ्याच तासात आकाशाचे ३३,०००हून अधिक फोटॉन जमतात, चढउतार १८०च्या पुढे जातो आणि दीर्घिका त्याच्या जेमतेम दुप्पट राहते. काळोख्या माळावरच्या एका तासाची बरोबरी करायला शहरातल्या गच्चीवर वीस तास लागतात. म्हणून उपकरणांच्या यादीत पहिले नाव जागेचे यायला हवे. मोठी दुर्बीण घेऊन गच्चीवर बसणाऱ्यापेक्षा लहान दुर्बीण घेऊन शंभर किलोमीटर जाणारा पुढे असतो.

शहरी उजेड गाळणारे फिल्टर बाजारात मिळतात. तेजोमेघांसाठी ते उपयोगी आहेत, कारण तेजोमेघ ठरावीक तरंगलांबींवरच चमकतात. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश. तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवेही तसेच. एकाला गाळताना दुसराही गाळला जातो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात या फिल्टरांना थोडा अर्थ होता.

मुंबईच्या निरीक्षकांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा म्हणजे कर्जत मार्गावरचे वांगणी, पण शहर तिच्याही जवळ सरकत आले आहे. विदर्भात परिस्थिती बरी आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, भारतातला पहिला.

फोटो एकच लांबलचक घेत नाहीत. काळोख्या जागी दोन ते पाच मिनिटांचे, शहरात अर्ध्या मिनिटाचे, असे अनेक तुकडे घेतात. प्रत्येक फोटो वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो, नव्या सीमॉस कॅमेऱ्यांत एक ते तीन इलेक्ट्रॉनएवढा. आकाशाचा चढउतार त्यापेक्षा बराच मोठा होईल इतका वेळ एका तुकड्याला दिला, की पुरते. दोन मिनिटांचे १८० फोटो म्हणजे सहा तासांचा प्रकाश. मधेच विमान गेले, उपग्रहाची रेघ उमटली, गाडीचे दिवे अंगावर आले, तर तेवढा तुकडा बाद होतो, रात्र नाही. तुकड्यांच्या मधे दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवतात. त्यामुळे सेन्सरचे दोष दर वेळी आकाशाच्या निराळ्या जागी पडतात आणि पुढे ओळखून काढता येतात.

या फोटोंबरोबर दुय्यम फोटोंचा एक संच लागतो. दुर्बिणीचे तोंड झाकून, तेवढ्याच वेळेचे आणि तेवढ्याच तापमानाला घेतलेले ‘डार्क’ फोटो सेन्सरची उष्णतेने होणारी गळती नोंदवतात. ही गळती तापमान सहा-सात अंशांनी वाढले की दुप्पट होते. ऑक्टोबर हीटमध्ये न थंडावलेला डीएसएलआर म्हणूनच अडचणीत येतो आणि विजेवर शून्याखाली दहा अंशांपर्यंत थंड होणारा कॅमेरा तिथे पैसे वसूल करतो. ‘फ्लॅट’ फोटो पहाटेच्या उजेडात, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून घेतात. सेन्सरवरचे धुळीचे कण आणि चौकटीच्या काळवंडलेल्या कडा त्यांत उमटतात. मूळ फोटोला त्यांनी भागले की दोन्ही नाहीसे होतात. मंद दीर्घिकेच्या बाबतीत यात हयगय चालत नाही, कारण धुळीच्या एका कणाची सावली दीर्घिकेच्या कडेपेक्षा ठळक असू शकते. रात्रभर जागून दमलेला माणूस पहाटे जे टाळतो, ते नेमके हेच.

सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर यांसारखे मोफत प्रोग्रॅम हे सगळे फोटो ताऱ्यांवर तारे बसवून एकावर एक रचतात. प्रत्येक पिक्सेलची १८० मूल्ये ताडली जातात, फार वेगळी पडणारी, म्हणजे उपग्रहाची रेघ वगैरे, वगळली जातात आणि उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: चार फोटोंनी निम्मा, शंभरांनी दहावा हिस्सा. पहिल्या तासात चित्र झपाट्याने सुधारते, पाचव्या-सहाव्या तासात फरक शोधावा लागतो. रचून झालेला फोटो पडद्यावर जवळजवळ काळाच दिसतो. दीर्घिकेची माहिती अगदी अंधाऱ्या टोकाला दडलेली असते. ते टोक ताणून, चमकदार भाग दाबून ठेवत, चित्र वर आणावे लागते. ताणण्याचा मोह मोठा असतो. नॉइज पुसणारे नवे प्रोग्रॅम दाण्यांमधून नसलेली सर्पिल भुजाही उभी करू शकतात. शंका आली तर तोच भाग वेगवेगळ्या रात्रींच्या फोटोंतून स्वतंत्रपणे काढून पाहणे, ही साधी आणि खात्रीची परीक्षा आहे.

चित्र तयार झाल्यावर सर्वांत आधी रंग बोलतात. एनजीसी ७३२० निळसर आणि ठिपक्याठिपक्यांची, ७३१७ गुळगुळीत पिवळट. ७३१८ बी सेकंदाला ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने गटात घुसते आहे; तिच्या भोवती नव्या ताऱ्यांचे निळे पुंजके दिसतात. जेम्स वेब दुर्बिणीने १२ जुलै २०२२ रोजी जगाला दाखवलेल्या पहिल्या चित्रांत हे पंचक होते आणि ते सुमारे १,००० प्रतिमांतून जोडलेले होते. हौशी चित्राची त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून आपल्या चित्रातला प्रत्येक ठिपका ओळखता येतो.

निळसर एनजीसी ७३२० एकेकाळी वादाचे कारण ठरली होती. १९६१मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी तिची ताम्रसृती, म्हणजे दूर जाण्यामुळे प्रकाशाचे तांबड्याकडे सरकणे, मोजली. बाकीच्या दीर्घिका सेकंदाला सुमारे ६,००० किलोमीटर वा अधिक वेगाने दूर जात असताना हिचा वेग फक्त ८००च्या आसपास निघाला. हॅल्टन आर्प यांचे म्हणणे असे की पाचही एकत्रच आहेत आणि ताम्रसृती हे अंतराचे खात्रीचे माप नाही. अशा विसंगत ताम्रसृतींची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न जयंत नारळीकर यांनी आर्प यांच्यासमवेत १९९३च्या एका निबंधात केला होता. पुढच्या निरीक्षणांनी कौल दिला तो एनजीसी ७३२० अलीकडे असण्याच्या बाजूने.

हा फरक हौशी माणसालाही स्वतः पाहता येतो. हायड्रोजनच्या तेजोमेघांचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर असतो. ७ नॅनोमीटर रुंदीचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर साधारण ६५३ ते ६६० नॅनोमीटरच पुढे जाऊ देतो. एनजीसी ७३२०च्या तेजोमेघांचा प्रकाश ताम्रसृतीने ६५८वर सरकलेला असतो. तो फिल्टरमधून पार होतो. दूरच्या दीर्घिकांचा तोच प्रकाश ६६९ ते ६७१वर गेलेला असतो आणि अडतो. या फिल्टरमधून आणि साध्या लाल फिल्टरमधून घेतलेली चित्रे एकमेकांतून वजा केली, तर एनजीसी ७३२०च्या अंगावर तेजोमेघांचे ठिपके उरतात आणि शेजारणी जवळजवळ पुसल्या जातात. इथे ३ नॅनोमीटरचा महागडा फिल्टर उपयोगाचा नाही, कारण ६५८ त्याच्याही बाहेर पडते. अरुंद पट्ट्यातून प्रकाश फारच थोडा येत असल्याने या प्रयोगाला साध्या चित्राहून कितीतरी अधिक तास द्यावे लागतात.

सर्वांत अवघड भाग म्हणजे शेपट्या. दीर्घिकांच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेलेले तारे आग्नेयेकडे लांब, फिकट पट्ट्यांच्या रूपात पसरले आहेत, आणि पूर्वेला एनजीसी ७३२० सी नावाची सहावी, छोटी दीर्घिका आहे. हीदेखील दूरच्याच अंतरावरची. ती स्वतः चांगल्या जागी दोन-तीन तासांत उमटते. शेपट्यांचे तेज मात्र काळोख्या आकाशाच्याही काही टक्केच असते. त्यांना एका मोसमातल्या रात्री बहुधा पुरत नाहीत. अशा वेळी पुढच्या वर्षीचे फोटो आधीच्यांत मिळवतात. त्यासाठी कॅमेरा दुर्बिणीवर त्याच कोनात बसवलेला असावा आणि प्रत्येक रात्रीचे फ्लॅट फोटो त्या-त्या रात्रीच्याच फोटोंना लावावेत.